शिकवणाऱ्यांच्या शिकण्याचा खर्च

"नेट झालं, पीएच.डी. झाली, सर नोकरीत कायमही झाले. मग त्यांना पुन्हा कसलं ट्रेनिंग? आणि त्याचे पैसे कोण भरतं?"

ज्या घरातलं मूल कॉलेजात जातं, त्या घरात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावात तो जास्तच निघतो, कारण अशा ठिकाणी कितीतरी विषयांना मुळात एकच प्राध्यापक असतो. ते तीन आठवडे नसले की तो विषय तीन आठवडे बंद. मुलगा घरी येऊन सांगतो, "सर रिफ्रेशरला गेलेत." वडिलांना वाटतं, तिकडं सरांचं शिकणं चाललंय आणि इकडं आपल्या पोराचं थांबलंय.

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं. आधी 'कशासाठी' ते पाहू आणि मग पैशांकडे वळू.

१. पदवीत न शिकवलेली गोष्ट

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचं असेल तर डी.एड. किंवा बी.एड. करावं लागतं. त्यात पाठाचं टाचण काढायला शिकवतात, सराव पाठ घ्यायला लावतात, आणि मागच्या बाकावर बसलेले मार्गदर्शक चुका टिपून घेतात. महाविद्यालयात शिकवायला अशी कुठलीही पदवी लागत नाही. विषयातली पदव्युत्तर पदवी आणि जोडीला नेट, सेट किंवा पीएच.डी. असली की उमेदवार पात्र ठरतो. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनावर प्रश्न असतात खरे, पण तो लेखी पेपर आहे. त्यासाठी वर्गासमोर उभं राहावं लागत नाही.

याचा परिणाम असा की, ज्याने चार-पाच वर्षं एखाद्या बुरशीवर किंवा एखाद्या संतकवीवर संशोधन केलं, तो नोकरीच्या पहिल्या दिवशी साठ-सत्तर मुलांसमोर उभा राहतो तेव्हा शिकवण्याचं कुठलंही शिक्षण त्याला मिळालेलं नसतं. समोरच्या मुलांत अनेक जण घरातून कॉलेजात आलेले पहिलेच असतात. बारावीपर्यंत मराठीतून शिकून आता इंग्रजी पुस्तकांशी झुंजणारेही असतात. त्यांना शिकवणं हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते कुणीतरी शिकवावं लागतं.

दुसरं कारण अगदी ताजं आहे. संलग्न महाविद्यालयांत नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. मेजर, मायनर, श्रेयांक, ऑन जॉब ट्रेनिंग, भारतीय ज्ञान प्रणाली अशी सगळी नवी रचना आली. वीस वर्षं इतिहास शिकवलेल्या प्राध्यापकाला आता विद्यार्थ्याचे श्रेयांक कसे जमतात हे समजावून सांगायचं आहे आणि त्याला कामाच्या अनुभवासाठी कुठे पाठवायचं तेही शोधायचं आहे. हे त्याच्या पीएच.डी.त नव्हतं आणि असण्याचं कारणही नव्हतं.

२. चार खिसे

उदाहरणच घ्यायचं तर, कळंबचं शिक्षणमहर्षी ज्ञानदेव मोहेकर महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा मुख्य परिसर छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे कळंबहून सुमारे दोनशे किलोमीटरवर. २००४ पासून धाराशिवला उपपरिसर आहे, तो जवळ पडतो. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे हिशेबात ते लागणार आहे.

शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा पैसा मुख्यतः चार ठिकाणांहून येतो.

पहिला खिसा केंद्राचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा. १९८६ च्या शैक्षणिक धोरणात महाविद्यालयीन शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर दिला गेला आणि १९८७ पासून आयोगाने निवडक विद्यापीठांत अकॅडमिक स्टाफ कॉलेजं उघडली. २०१५ मध्ये त्यांची मनुष्यबळ विकास केंद्रं झाली आणि २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं. मराठवाडा विद्यापीठातही असं केंद्र आहे. नव्या शिक्षकांसाठी ओरिएंटेशन, म्हणजे आजचा प्रवेश-प्रशिक्षण वर्ग, आणि जुन्यांसाठी विषयवार रिफ्रेशर हे या केंद्रांचं मुख्य काम. केंद्राला आयोगाचं अनुदान मिळत असल्यामुळे वर्गाचा मोठा खर्च शिक्षकावर पडत नाही.

दुसरा खिसा राज्याचा. अनुदानित महाविद्यालयातल्या मंजूर पदावरच्या प्राध्यापकाचा पगार राज्य सरकार देतं. तो उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयामार्फत, सेवार्थ प्रणालीतून थेट खात्यात जमा होतो. प्राध्यापक प्रशिक्षणाला गेले तरी हा पगार चालू राहतो. प्रशिक्षणातला राज्याचा सगळ्यात मोठा वाटा हाच, फक्त 'प्रशिक्षणाचा खर्च' म्हणून तो कुठे लिहिला जात नाही.

तिसरा खिसा महाविद्यालयाचा आणि ते चालवणाऱ्या संस्थेचा. चर्चासत्राचं शुल्क, प्रवासखर्च, एखाद्या विषय परिषदेची वर्गणी असे छोटे खर्च इथून व्हावेत अशी अपेक्षा असते.

चौथा खिसा शिक्षकाचा स्वतःचा. तालुक्याच्या ठिकाणी बऱ्याचदा याच खिशात हात घालावा लागतो.

यातल्या केंद्राच्या पैशाला एक अट आहे. आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातल्या दोन कलमांखाली, म्हणजे २(एफ) आणि १२(बी) खाली, महाविद्यालयाची नोंद असावी लागते. पहिल्या कलमाने महाविद्यालयाला आयोगाची मान्यता मिळते, दुसऱ्याने ते केंद्राच्या अनुदानाला पात्र ठरतं. पहिलं आहे पण दुसरं नाही, अशी महाविद्यालयं खेड्यापाड्यांत आढळतात. ती मान्यताप्राप्त असतात, पण थेट केंद्रीय अनुदानाचं दार त्यांना बंदच राहतं.

३. गाळ काढायचा खर्च कशात मोजायचा?

विहीर खणली की काम संपलं असं मराठवाड्यात कुणी म्हणत नाही. दर काही वर्षांनी गाळ काढावाच लागतो. त्याचे दोन खर्च असतात. मजुरी आणि यारीचं भाडं हा एक, तो रोख द्यावा लागतो. ज्या दिवसांत मोटार बंद ठेवावी लागते, त्या दिवसांत पिकाला पाणी मिळत नाही, तो दुसरा. शेतकरी दोन्ही धरून हिशेब करतो आणि म्हणून पीक उभं असताना गाळ काढायला घेत नाही.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात आपण फक्त पहिला खर्च मोजतो. दुसराही मोजून पाहू.

आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचं असतं. ओरिएंटेशन २१ दिवसांचं, म्हणजे तीन आठवड्यांचं. तीन गुणिले सोळा म्हणजे ४८ तास. हे ४८ तास दुसऱ्या कुणाकडून घ्यायचे झाले आणि हिशेबापुरता तासाला ५०० रुपये दर धरला, तर २४,००० रुपये लागतील. वर्गाचं शुल्क आणि कळंब ते संभाजीनगर बसभाडं यांची बेरीज या रकमेच्या जवळपासही जात नाही.

हे २४,००० कोण देतं? बहुतेक वेळा कुणीच नाही. नियमाप्रमाणे प्राध्यापकाला वर्षाला ३० दिवसांपर्यंत कर्तव्य रजा मिळू शकते, तिचा पगारही मिळतो. पण त्याच्या जागी उभं राहणाऱ्याची सोय त्या रजेसोबत येत नाही. मोठ्या शहरातल्या महाविद्यालयात एका विषयाला चार जण असतील तर तास आपसात वाटून घेतात. एकशिक्षकी विभागात वाटायला माणूसच नसतो. मग परतल्यावर जादा तास घेऊन भरपाई केली जाते, किंवा प्रकरणं घाईघाईने उरकली जातात. म्हणजे ते २४,००० रुपये मुलांनी त्यांच्या अभ्यासातून मोजलेले असतात. मुलाच्या वडिलांची तक्रार नेमकी इथली आहे आणि ती खरी आहे.

या दुसऱ्या खर्चाची जाणीव आपल्या व्यवस्थेला एकेकाळी होती. पंचवार्षिक योजनांच्या काळात आयोगाची एक अधिछात्रवृत्ती होती, प्राध्यापक तिला 'एफआयपी' म्हणत. पीएच.डी.साठी पगारी रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या जागी जो येई, त्याचा पगार आयोग देई. रजा आणि पर्यायी शिक्षक यांचा विचार त्या योजनेत एकत्र केला होता. अनुदानित महाविद्यालयांतल्या कितीतरी जणांनी एफआयपीवर जाऊन पीएच.डी. पूर्ण केली. बारावी योजना मार्च २०१७ मध्ये संपली आणि पंचवार्षिक योजनांची पद्धतच थांबली. आजच्या नियमांतही पीएच.डी.साठी तीन वर्षांपर्यंत अभ्यास रजा मिळण्याची तरतूद आहे, पण जिथे मागे वर्ग सांभाळणारं कुणी नाही, तिथे ती मागायला माणूस कचरतो.

मग करोनाच्या काळापासून प्रशिक्षणं ऑनलाइन झाली. कळंबच्या शिक्षकाचे दोनशे किलोमीटर वाचले, राहण्या-जेवणाचा खर्च वाचला. त्याआधीच, २०१७ मध्ये 'स्वयम्' हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच सुरू झाला होता आणि २०१८ मध्ये त्यावर 'अर्पित' नावाचे ४० तासांचे रिफ्रेशर आले. ही मोठी सोय आहे, विशेषतः लहान मूल असलेल्या प्राध्यापिकांसाठी, ज्यांना तीन आठवडे घर सोडणं कठीण जातं. पण ऑनलाइन वर्ग असला की महाविद्यालयाला वाटतं, सर तर इथेच आहेत. सकाळी तास, दुपारी परीक्षेचं काम आणि अधेमधे कानाला हेडफोन लावून प्रशिक्षण! असं शिकणं अंगात मुरत नाही. बसभाडं वाचलं म्हणून वेळही फुकट मिळतो असं समजू नये. ऑनलाइन प्रशिक्षणाच्या दिवसांतही तासांतून मोकळीक द्यायला हवी, हे माझं ठाम मत आहे.

४. शिक्षक स्वतःच्या पैशाने का जातात?

कारण त्यावर बढती अवलंबून असते. महाविद्यालयीन शिक्षकांची बढती 'कॅस' या योजनेतून होते, म्हणजे ठरावीक वर्षांची सेवा आणि ठरावीक अटी पूर्ण झाल्या की वरचा वेतनस्तर. २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापक स्तर १० वर सुरुवात करतो. पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी, एम.फिल. असेल तर पाच आणि दोन्ही नसेल तर सहा वर्षांनी तो स्तर ११ ला पात्र होतो. मात्र त्या काळात २१ दिवसांचं ओरिएंटेशन आणि त्याशिवाय एक रिफ्रेशर, निदान आठवड्याची कार्यशाळा किंवा प्रमाणपत्रासह एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम झालेला असावा लागतो.

आकड्यांत पाहू. स्तर १० चं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. चार वार्षिक वेतनवाढी झाल्या की ६४,९००. बढती मिळताना आधी एक वेतनवाढ धरतात, त्याने ते होतं ६६,८००. मग स्तर ११ मधल्या त्याच्या लगतच्या वरच्या टप्प्यावर, म्हणजे ६८,९०० वर वेतन निश्चित होतं. थोडक्यात, दरमहा मूळ वेतनात ४,००० ची वाढ, वर्षाला ४८,०००, आणि वर महागाई भत्ता वेगळा. एका प्रमाणपत्रासाठी हे वर्षभर लांबलं तर होणारं नुकसान कोणत्याही अभ्यासक्रमाच्या शुल्काहून किती तरी जास्त आहे. म्हणून जागा मिळेल तिथे, स्वतःच्या पैशाने, शिक्षक नाव नोंदवतो.

प्रशिक्षण आणि बढती जोडल्यामुळे हजारो शिक्षक निदान वर्गात तरी येऊन बसले, हा फायदा नाकारता येत नाही. पण त्यामुळे प्रमाणपत्रालाच बाजारभाव आला. आपल्या विषयाला, आपल्या विद्यार्थ्यांना काय हवं यापेक्षा 'कॅसला चालतं का?' हा प्रश्न पुढे आला. केंद्रांत जागा अपुऱ्या पडल्या तेव्हा आयोगाला अट पूर्ण करायला पुन्हा पुन्हा मुदतवाढ द्यावी लागली. अट सगळ्यांना आणि सोय थोड्यांना, अशी स्थिती असेल तर अंतराची झळ तालुक्याच्या गावांना सगळ्यात आधी लागते.

५. कलम ९७

आता या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी गोष्ट. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ मध्ये कलम ९७ आहे. त्यानुसार प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असावी लागते. तिच्यावर संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव असतात, प्राचार्य असतात, शिक्षकांतून निवडलेले तीन प्रतिनिधी आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधी असतो. गावातले चार मान्यवर असतात, विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारीही असतात. वर्षातून किमान चार बैठका घ्याव्या लागतात.

या समितीच्या कामांची यादी वाचली की दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. अध्यापन सुधारण्यासाठी आणि कर्मचाऱ्यांच्या योग्य प्रशिक्षणासाठी ठोस शिफारशी करणं हे तिचं काम आहे. आणि महाविद्यालयाचा वार्षिक अर्थसंकल्प तयार करणं हेही तिचंच काम आहे. प्रशिक्षणाची गरज सांगणारे आणि पैशांचा अंदाज मांडणारे एकाच टेबलाभोवती बसवण्याची व्यवस्था कायद्याने केली आहे. तिचा पुरेसा उपयोग करून घेतला जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तरतूद किती असावी? केंद्राच्या २०१२ च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणात, प्रत्येक मंत्रालयाने पगारावरच्या तरतुदीच्या किमान अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी राखावी असं म्हटलं आहे. महाविद्यालयांना ते बंधनकारक नाही, पण मापाला चांगलं आहे. सुरुवातीच्या मूळ वेतनावर वर्षाचे ६,९२,४०० रुपये होतात. त्याचे अडीच टक्के १७,३१०. वीस शिक्षक धरले तर ३,४६,२००. कळंबसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयाला ही रक्कम जड जाईल, कारण पगार राज्य देत असलं तरी बाकीचा खर्च माफक शुल्कातूनच भागवायचा असतो.

मग अर्धा टक्काच धरू. वीस शिक्षकांचे ६९,२४० रुपये होतात. त्यातून दोन शिक्षकांच्या २१ दिवसांचे तास दुसऱ्याकडून घेता येतील, त्याचे ४८,००० होतात. उरलेल्या २१,२४० मध्ये काही जणांचा प्रवास आणि शुल्क निघेल. दरवर्षी दोघे, ज्या विभागात एकच शिक्षक आहे तिथून सुरुवात, असा क्रम लावला तर चार-पाच वर्षांत तास न बुडवता सगळे एकशिक्षकी विभाग होऊन जातील.

महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात आजवर याला गुणही होते. सहाव्या निकषात, चर्चासत्रांसाठी आणि व्यावसायिक संस्थांच्या सदस्यत्वासाठी किती टक्के शिक्षकांना आर्थिक मदत दिली ते विचारलं जाई. त्यामुळे बऱ्याच महाविद्यालयांनी थोडीथोडी रक्कम पुष्कळांत वाटली, कारण मोजदाद डोक्यांची होती. मला दोघांना पुरेपूर मदत देण्याची पद्धत जास्त पटते. एका दिवसाच्या परिषदेचं शुल्क वीस जणांना दिल्याने वर्गात काही बदलत नाही.

६. यादीत नाव नसलेले

आतापर्यंतचा सगळा हिशेब कायम, अनुदानित प्राध्यापकाचा झाला. मराठवाड्यातल्या कितीतरी महाविद्यालयांत मंजूर पदं रिकामी आहेत आणि शिकवण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक उचलतात. जेवढे तास, तेवढं मानधन. त्यांना कर्तव्य रजा नाही, कॅस नाही. प्रशिक्षणाला गेले तर त्या दिवसांचं मानधन बुडतं, म्हणजे शिकण्याचा दंड भरावा लागतो. वर्गातल्या मुलाला मात्र सर कायम आहेत की तासिकेवर, यानं फरक पडत नाही. त्याला त्या विषयाचं चांगलं शिकवणं हवं असतं.

फ्रान्समध्ये यावर एक वेगळा मार्ग काढला आहे. तिथे प्रशिक्षणाचं खातं नोकरीच्या नावावर नसून माणसाच्या नावावर असतं. निदान निम्मा वेळ काम करणाऱ्याच्या खात्यात वर्षाला ५०० युरो जमा होतात, साधारण ५,००० युरोंपर्यंत ते साठतात, आणि नोकरी बदलली तरी खातं सोबत येतं. दरवर्षी नवं महाविद्यालय, नवी ऑर्डर अशा चक्रात असलेल्या आपल्या तासिका प्राध्यापकाला नेमकी अशीच गोष्ट हवी. राज्याने लहान रकमेपासून सुरुवात केली तरी चालेल.

आणि शिक्षकेतर कर्मचारी? त्यांचा विचार सगळ्यात शेवटी होतो, मीही तो शेवटीच करतो आहे, पण विद्यार्थ्याच्या हातात पडणाऱ्या पैशाशी सगळ्यात जवळचा संबंध त्यांचाच असतो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की तो महाविद्यालयाच्या लॉगिनला येतो. लिपिकाने कागद तपासून पुढे पाठवला नाही, किंवा चुकीचा शेरा मारून परत केला, तर मुलीची शिष्यवृत्ती अडकते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेच्या नोंदीही याच टेबलावर होतात. दरवर्षी पोर्टलचं काहीतरी बदलतं आणि लिपिक ते शेजारच्या कॉलेजच्या लिपिकाला फोन करून शिकून घेतात. पुण्याची यशदा ही संस्था सरकारी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देते, अनुदानित महाविद्यालयांच्या लिपिकांपर्यंत मात्र अशी नियमित साखळी पोचलेली नाही. धाराशिवच्या उपपरिसरात वर्षातून दोन दिवस जिल्ह्यातल्या सगळ्या लिपिकांना बसवून महाडीबीटीचं नवं काम दाखवलं, तर त्याचा खर्च एका प्राध्यापकाच्या रिफ्रेशरपेक्षा कमीच येईल. विकास समितीवर शिक्षकेतरांचा एक प्रतिनिधी असतो, हा विषय त्याने मांडायचा आहे.

तो कधी मांडायचा, हेही महत्त्वाचं आहे. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं, आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये. जूनमध्ये प्रशिक्षणाची निकड जाणवते तेव्हा अर्थसंकल्प मंजूर होऊन दोन महिने झालेले असतात, आणि 'यंदा तरतूद नाही' हे उत्तर खरंच असतं. म्हणून पुढच्या वर्षी कोण जाणार, किती दिवस, त्यांचे तास कोण घेणार आणि त्याला किती रुपये लागतील हे चार रकान्यांत लिहून तो कागद जानेवारी-फेब्रुवारीतल्या बैठकीत ठेवावा. कार्यवृत्तात ठराव क्रमांकासह त्याची नोंद झाली की मग ती रक्कम मागायला प्राचार्यांच्या दालनात वेगळं जावं लागत नाही.